चौथा टक

आंबातांडा, ता. घाटंजी
१८ नोव्हेंबर २०२४

अंकुर,

पाकीट बघून घाबरू नकोस, लग्नाची पत्रिका नाही. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात तुझ्या मागच्या बाकावर बसणारी ममता राठोड आठवते का? हजेरीला 'हजर' तोंडातून निघत नव्हतं म्हणून हात वर करायची, ती. बोलताना मी अडखळते, पण कागदावर मला अजून कोणी गप्प बसवलेलं नाही. फोन केला असता, पण माझं पहिलं अक्षर बाहेर पडेपर्यंत समोरचा 'हॅलो हॅलो' करून फोन ठेवून देतो. शिवाय घरात मोबाईल एकच, आणि त्यावर आलेला मेसेज अर्धा तांडा वाचतो. म्हणून हे पत्र.

आता काम. मागच्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत माझे वडील तारेला चिकटून गेले. शेत शेजारच्या गावच्या पुंडलिकरावांचं. रानडुकरांसाठी त्यांच्या कुंपणावर झटका मशीन असते. तू तर त्या दुरुस्त करतोस, तुला काय सांगायचं. सेकंदाला एक हलका झटका, टक, टक, टक. जनावर पळतं, मरत नाही. आमच्या तांड्याची वाट त्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून जाते, आणि लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना एक गोष्ट पाठ आहे: टकटक ऐकू येते तोवर तारेला हात लावायचा नाही, टकटक बंद म्हणजे करंट बंद, तार दाबून खुशाल पलीकडे जायचं.

त्या सकाळी टकटक नव्हती. बा पुढे, मी थोडी मागे. मला दिसलं की मोटारीच्या पेटीतून एक काळी वायर निंबाच्या फांदीवरून थेट कुंपणाला आली आहे. थेट लाइन. मी ओरडायला तोंड उघडलं आणि 'बा' या एका अक्षरावर अडकले. ते सुटलं तेव्हा उशीर झाला होता.

केस यवतमाळच्या कोर्टात आहे. पुंडलिकराव म्हणतात, कुंपणावर मशीनच होती, मशीनच्या झटक्यानं माणूस मरत नाही, म्हाताऱ्याचं काळीजच कमजोर होतं. पोलीस आले तेव्हा काळी वायर गायब होती आणि खांबावर मशीन लटकत होती. वायर पाहिलेली मी एकटी. सरकारी वकील मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पुंडलिकरावांचा वकील मला एकच प्रश्न विचारणार: वायर दिसली तर ओरडली का नाहीस? आणि उत्तर देताना मी अडखळले की म्हणणार, बघा, पढवून आणलेली साक्ष आहे.

मी वाचलंय की आपलाच आवाज आपल्या कानात जरा उशिरा आला, तर काही अडखळणाऱ्यांचं बोलणं सुटतं. दुसरं मी वाचलेलं नाही, अनुभवलंय. त्या धुऱ्यावरून चालताना टकटकीच्या ठेक्यावर मी न अडखळता बोलायची. बा म्हणायचे, "माही पोरगी धुऱ्यावर आली का वकील होते."

म्हणून मला एक डबा बनवून दे. माइक, आवाज उशिरा परत पाठवणारं सर्किट, कानाला हेडफोन. पण आवाज सलग परत यायला नको. तो त्या टकच्या ठेक्यावर, तुकड्या-तुकड्यानं यावा. तारीख फेब्रुवारीत आहे. पार्सल पांढरकवड्याच्या स्टँडसमोर राजकुमारच्या पानठेल्यावर ठेव. तो माझ्या मावसबहिणीचा दीर आहे, पाकीट फोडणारा नाही.

ममता


मुकुटबन
२ डिसेंबर २०२४

ममता,

तुझ्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. त्यावर काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून कामाचंच लिहितो.

डबा करून पाठवला आहे. आईचा जुना स्टीलचा टिफिन आहे, आत खरखर शिरू नये म्हणून धातूचा घेतला. माइकचा आवाज एको आयसीत जातो आणि जरासा थांबून परत येतो. परतीच्या वाटेवर मी एक दार बसवलं आहे, म्हणजे स्विचची आयसी. शेजारी एक लहानसं घड्याळाचं सर्किट आहे, ते ठेका देतं. ठेका पडला की दार उघडतं, तुझ्या आवाजाचा तुकडा कानात येतो, दार लागतं. सेकंदाला एक टक बोलायला फार संथ पडेल, म्हणून एका टकचे सारखे भाग पाडून दार त्या प्रत्येक भागावर उघडतं. टक मात्र मागे वेगळा ऐकू येत राहील.

लाल दिवा लागला म्हणजे चालू. बॅटरी नऊ व्होल्टची. आधी घरी एकटी असताना लावून बघ. काय चुकतंय ते मोकळेपणानं कळव.

अंकुर


आंबातांडा
१४ डिसेंबर २०२४

अंकुर,

मोकळेपणानं कळव म्हणालास, तर घे. तुझं दार म्हणजे आमच्या तलाठी ऑफिसचं दार आहे. आपण पोचायच्या वेळेला बंद. मी 'पाणी' म्हटलं की 'पा' कानात येतो आणि 'णी' बाहेर उभा राहतो. 'कुंपण' म्हटलं की नुसता 'प' आत घेतो. दोन दिवस लावून बोलले तर होतं त्याच्या दुप्पट अडखळायला लागले. याडीनं (आम्ही आईला याडी म्हणतो) टिफिन बघून विचारलं की यात भाजी कधी भरायची.

चूक कुठे आहे ते मला वाटतं कळलंय. आवाज किती उशिरा येणार ते तू एका बटनावर ठेवलंस आणि दार केव्हा उघडणार ते दुसऱ्या बटनावर. दोघं आपापल्या मर्जीनं चालतात. दोन्हींचा लगाम त्या एकाच घड्याळाच्या हातात दे. दार उघडायची वेळ आणि आवाज परत यायची वेळ एक झाली पाहिजे, नाहीतर उपयोग नाही.

आणि तो टक. तो परका वाटतो, सरकारी घड्याळासारखा. धुऱ्यावरचा वाटत नाही. काय कमी आहे ते मलाही सांगता येत नाही.

आणखी एक सांगायचंय. परवा विहिरीच्या वाटेवर पुंडलिकरावांचा माणूस भेटला. आधी गोड बोलला, यंदाचा कापूस कसा आहे, आईची तब्येत कशी आहे. मग म्हणाला, "पोरी, कोर्टात तोंड उघडशीन त हसं तुहंच होईन. काहून जीवाले तरास करून घेतं?" मला त्याला उत्तर द्यायचं होतं. तो निघून गेला तरी माझं पहिलं अक्षर निघालं नव्हतं. घरी येऊन मी हंडा आपटला. हंड्याला पोचा आला, आणि याडीला वाटलं मी घसरून पडले.

डबा राजकुमारकडे परत ठेवला आहे, लवकर दुरुस्त करून पाठव. मला या माणसांसमोर गप्प उभं राहायचं नाही.

ममता


मुकुटबन
६ जानेवारी २०२५

ममता,

उशीर झाला. दुकानात झटका मशीनचं काम खूप आहे, तुरीचे दिवस, डुकरं सगळीकडे. टिफिन उघडून बरेच दिवस टेबलावर पडून होता, हात लागत नव्हता.

तू म्हणालीस ते बरोबर निघालं. आता घड्याळ एकच आहे, त्याच्यावरच आवाजाचा उशीर आणि त्याच्यावरच दार. ठेका हळू केला तर दोन्ही सोबत हळू होतात. टकसुद्धा बदलला. मी स्वतः लावून वर्तमानपत्र वाचून पाहिलं, शब्द पूर्ण येतात.

एक विचारू का? रागावू नकोस. ते लोक समजुतीचं बोलत असतील तर एकदा ऐकून घ्यायला काय हरकत आहे? कोर्टाच्या फेऱ्यांत माणूस झिजतो. उलटतपासणीत वकील फार वाईट बोलतात. तुझ्या आईचाही विचार कर. मी तुझ्या भल्यासाठी म्हणतोय, बाकी काही नाही.

अंकुर


आंबातांडा
१५ जानेवारी २०२५

अंकुर,

तुझा डबा चालला. संक्रांतीच्या दिवशी कानाला लावला आणि चुलीजवळ बसून याडीला ती सकाळ पहिल्यापासून सांगितली. धुऱ्यावर टकटक नव्हती, काळी वायर निंबावरून आली होती, मोटारीच्या पेटीचं झाकण उघडं होतं, सगळं. एका अक्षरावरसुद्धा अडकले नाही. माझाच आवाज मागून येत होता, आणि त्याला वाट देत देत मी पुढे चालले होते. याडी तीळ भाजायचं विसरली, तीळ जळाले. मी किती खूश होते ते तुला लिहून कळणार नाही.

शेवटाला आले आणि मी 'बा' म्हणायचं सोडून दिलं. त्या जागी 'वडील' म्हटलं. तेवढं एक अजून जमत नाही.

रात्री तो नुसता कानाला लावून बसले. टक, टक, टक, आणि चौथा टक जरा उशिरा. टक, टक, टक... टक. मी झटक्यानं उठून बसले. धुऱ्यावरची मशीन अशीच लंगडायची. तांड्यातली पोरं त्यावर पाय आपटत नाचायची, चौथ्याला मुद्दाम अडखळायची. हेच तर कमी होतं, जे मला सांगता येत नव्हतं.

ते मला सांगता येत नव्हतं, अंकुर. मी तुला सेकंदाला एक टक एवढंच लिहिलं होतं. पहिलं पत्र तुझ्याकडे असेल तर काढून बघ.

सकाळी मी टिफिन उघडला. आयटीआय मीही केलंय. तुझ्या मोजणीच्या आयसीच्या चौथ्या पायरीला चौथा टक उशिरा पाडणारा एक जादा कपॅसिटर आहे, नीट झाळलेला. असा कपॅसिटर चुकून लागत नाही.

तर आता तू सांग. ती मशीन तू कुठे ऐकलीस? कुंपणावर ऐकली असशील तर माझ्या बाच्या वाटेनं तू कशाला आला होतास? आणि कुंपणावर नसेल ऐकली, तर ती तुझ्या टेबलावर होती. माझ्या पहिल्या पत्रात पुंडलिकरावांचं नाव आहे. तुझ्या दोन्ही पत्रांत ते एकदाही नाही. वर मला समजुतीची अक्कल शिकवतोस.

मी रागावले आहे. खूप रागावले आहे. पण उत्तर खरं दे.

ममता


मुकुटबन
२४ जानेवारी २०२५

ममता,

पुंडलिकराव माझे सख्खे मामा आहेत. वडील गेल्यावर आम्हाला त्यांनीच सांभाळलं. हे दुकान त्यांनी उभं करून दिलं. दसऱ्याला अजूनही ते सोनं द्यायला आधी इथे येतात.

मशीन माझ्या टेबलावर होती. तुझे वडील गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मामा स्वतः घेऊन आले. म्हणाले, "चौथा झटका लेट येते, तेवढ्यात डुक्कर घुसते. पाहून दे." मी विचारलं, "तोवर कुंपणाले काय लावता?" ते म्हणाले, "पाहू." मी पुढे काही विचारलं नाही. मशीन चालू करून ठेवली आणि दुसरी कामं करत राहिलो. दिवसभर तोच ठेका कानात. मग एका दुपारी मामांचा फोन आला. "ते मशीन तुह्यापाशी आलंच नाही. समजलं?" पोलिसांनी पाहिली ती दुसरी मशीन, त्याच दिवशी आणून टांगलेली. कुठून आणली ते मला माहीत नाही, माझ्याकडची नव्हती.

जुनी अजून माझ्या फळीवर आहे, पोत्यात गुंडाळून. दुरुस्त केलेली नाही. फेकायला दोनदा नाल्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

तू लिहिलंस की टक परका वाटतो, तेव्हा मी काही ठरवून केलं नाही. कानात जो ठेका होता तो हातानं उतरवला. डबा राजकुमारकडे ठेवून परत येताना वणीच्या फाट्यावर मला कळलं की मी काय पाठवलंय. बसमधून उतरून परत जाता आलं असतं. उतरलो नाही. तुला कळावं असंच बहुतेक मला वाटत होतं, आणि कळू नये असंही वाटत होतं.

आईला काल सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "भाऊ आहे तो माहा. त्याच्या हातचं खाऊन तू मोठा झाला. आता त्याले जेलात धाडतं काय?" तेव्हापासून ताट वाढून ठेवते आणि आत जाते.

मी काय करू ते तू सांग.

अंकुर


आंबातांडा
२९ जानेवारी २०२५

अंकुर,

नाही सांगणार.

मी 'साक्ष दे' म्हटलं तर उद्या तुझी आई म्हणेल तांड्यातल्या पोरीनं भुलवलं. 'नको देऊ' म्हणायला मी काही देवमाणूस नाही. 'तोवर कुंपणाले काय' असं तू एकदा विचारलं होतंस. त्याचं उत्तर काय निघालं ते तुला माहीत आहे.

माझी तारीख वीस फेब्रुवारी. मी जाणार आहे, तू काहीही ठरव. डबा माझ्याजवळच ठेवते. तो चांगला झालाय.

ममता


मुकुटबन
११ फेब्रुवारी २०२५

ममता,

मशीन काल पोलीस स्टेशनात दिली. जबाब लिहून दिला. ठाणेदारानं दोनदा विचारलं की तुमचं मामांशी शेतीवरून भांडण आहे का. नाही म्हटलं. सरकारी वकील मॅडमनी माझं नाव साक्षीदारांत घालायला अर्ज केला आहे, मला तुझ्या नंतरची तारीख मिळेल.

मामा संध्याकाळी दुकानात आले. मला वाटलं मारतील. ते स्टुलावर बसले, फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "कोर्टात उभं राह्यला का मी समोर बसून राहीन. माह्याकडं पाहून सांगशीन तू?" मला एक शब्द बोलता आला नाही. ते गेल्यावर बराच वेळ मी शटर ओढून बसलो होतो.

तुला हे रोज होतं ना? मला माहीत नव्हतं.

जबाब दिलाय खरा, पण त्यांच्यासमोर बोलू शकेन का याची खात्री नाही. खोटं कशाला लिहू.

अंकुर


आंबातांडा
२१ फेब्रुवारी २०२५

अंकुर,

काल साक्ष झाली. तुझ्या मनात पहिला प्रश्न डब्याचा असेल, तर त्याच्यापासूनच सुरू करते.

त्यांचा वकील टिफिन बघून उभाच राहिला. म्हणाला, हिच्या कानात कोणीतरी उत्तरं सांगतंय. कोर्टात हशा पिकला. जजसाहेबांनी हेडफोन मागवला, स्वतःच्या कानाला लावला आणि माइकमध्ये स्वतःचं नाव घेतलं. दार उघडलं असणार, कारण ते जरा दचकले. मग म्हणाले, यात साक्षीदाराचाच आवाज आहे, चालू द्या. मी मनात तुला शाबासकी दिली, तेवढी घे.

पुढचं सगळं नीट झालं. टकटक नव्हती हे सांगितलं, टकटक बंद म्हणजे काय समजतात तेही सांगितलं. निंब, वायर, पेटीचं झाकण. वकिलानं तीन वेळा उलटं-सुलटं करून विचारलं, तिन्ही वेळा तेच आलं. पुंडलिकराव समोर बसले होते. पांढरा सदरा, हातात रुमाल. मी त्यांच्याकडे बघूनच बोलले. बघता येतं, अंकुर. वाटतं तेवढं अवघड नसतं.

मग तो प्रश्न आला. "एवढं सगळं दिसत होतं, वडील समोर होते. ओरडलात का नाही?"

मी उत्तर पाठ करून गेले होते. ठेक्यावर बसवलेलं, 'वडील' शब्द घालून. तोंड उघडलं आणि वाटलं की हे काही खरं नाही. त्या सकाळी माझ्या कानात तुझा डबा नव्हता. मी हेडफोन काढला आणि कठड्यावर ठेवला. मॅडमनी मानेनं नको नको केलं. मी म्हटलं, मी त्यांना हाक मारत होते, अशी. आणि 'बा' म्हणायला गेले.

नाही निघाला. ओठ मिटले ते मिटलेच. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, हात कठड्यावर आपटत राहिला. मागे कोणीतरी हसलं आणि मग हसायचं थांबलं. वकील म्हणाला, बोला ना. जजसाहेबांनी त्याला हातानं गप्प केलं. पंखा फिरत होता. टाइप करणाऱ्या बाईचा हात वर राहिला होता. पुंडलिकरावांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघायला लागले, आणि मला अजून तो शब्द सापडत नव्हता.

मग तो निघाला. "बा."

मी म्हटलं, "साहेब, एवढा वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी तार धरली होती."

वकील खाली बसला.

याडीनं मला हा प्रश्न इतक्या दिवसांत कधी विचारला नव्हता. मला वाटायचं तिला सुचला नाही. बाहेर व्हरांड्यात तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ओठांवरून अंगठा फिरवत राहिली, लहानपणी दूध पुसायची तसा. तेव्हा कळलं की तो प्रश्न तिच्याकडेही होता. मी खूप रडले. बरं वाटलं.

निकाल लागेल तेव्हा लागेल. तुझी तारीख सहा मार्च आहे, मॅडमनी सांगितलं. तुझा डबा या पत्रासोबत राजकुमारकडे परत ठेवते आहे. मामांसमोर शब्द निघेना झाला तर लावून उभा राहा. लाज वाटू देऊ नकोस, मला वाटली नाही. आणि नाही लावलास तरी चालेल. अडकलास तर अडक, पण तिथून उतरू नकोस. तो शब्द थोडा उशिरा येतो, एवढंच.

पाच तारखेला संध्याकाळी तुझा फोन वाजेल. माझा असेल. मी आजपर्यंत कोणाला स्वतःहून फोन केलेला नाही, त्यामुळे सुरुवातीला काहीच ऐकू येणार नाही. 'हॅलो हॅलो' करून ठेवून देऊ नकोस. थांबून राहा. मी बोलते.

ममता